नोंदवहीतलं नाव आणि हाकेचं नाव

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच गाठीशी येऊन थांबली आहेत. जुन्या नोंदीत सापडलेला माणूस आपलाच असावा असं वाटतं, पण त्याचं नाव दर कागदावर वेगळं. त्यातली चार पत्रं इथे घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ती गाठ सुटली की पुढच्या पुष्कळशा आपोआप सैल होतात.

प्रश्न: माझे जावई स्लोव्हाक वंशाचे आहेत. नातवंडांसाठी मी दोन्हीकडची वंशावळ तयार करते आहे. जावयांच्या खापरपणजोबांचे चार कागद हाती लागले. १८२९च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्यांचं नाव 'योआन्नेस' आहे, १८९७च्या मृत्यूच्या नोंदीत 'यानोश', घरात जपलेल्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर 'यान', आणि अमेरिकेत गेलेल्या त्यांच्या मुलाच्या कागदावर वडिलांचं नाव 'जॉन'. संगणकावरचा वंशावळीचा प्रोग्रॅम त्यांना चार वेगळी माणसं समजतो. चौघांना एकत्र करू का? आणि केलं तर नाव कुठलं लिहू?

उत्तर: ताई, चारही नावं एकाच नावाची रूपं आहेत यात शंका नाही. पण ती एकाच माणसाची आहेत हे अजून ठरायचं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

आधी चार रूपं का झाली ते सांगते. त्या काळी स्लोव्हाक मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. चर्चची भाषा लॅटिन होती, त्यामुळे १८२९ साली पाद्रींनी 'योआन्नेस' लिहिलं. १८४४च्या कायद्यानं हंगेरियन ही राज्याची भाषा झाली. पुढे १ ऑक्टोबर १८९५पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद सरकारकडे गेली आणि ती हंगेरियनमध्येच होऊ लागली. म्हणून १८९७च्या कारकुनानं 'यानोश' लिहिलं. अमेरिकेतल्या कारकुनाला इंग्रजी येत होती, त्यानं 'जॉन' केलं. तिघांनीही आपापल्या कामाच्या भाषेत लिहिलं. 'तुम्हाला घरी काय म्हणतात?' हे विचारायचं त्यांना कारणच नव्हतं. ते नाव फक्त प्रार्थनापुस्तकात उतरलं आहे, कारण ते पान घरातल्याच कुणीतरी लिहिलं.

जुन्या नोंदीतलं नाव हे आधी लिहिणाऱ्याच्या भाषेचं असतं आणि मग त्या माणसाचं, ही एक गोष्ट मला या सदरातून पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावरच्या जर्मन कुटुंबांच्या वंशावळी पाहताना मला 'आमचे पूर्वज फ्रेंच होते' असं ठाम लिहिलेलं भेटलं आहे. पुरावा काय, तर जन्मनोंदीत 'ज्याँ' आणि 'गीयोम' ही नावं. तो प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात होता आणि १७९८पासून १८१४पर्यंत तिथल्या सरकारी नोंदी फ्रेंचमध्ये झाल्या. घरातला योहान तसाच राहिला, विल्हेल्मही तसाच राहिला, फक्त वही फ्रेंच झाली. त्या नोंदीवरून कुटुंबाचं मूळ काढायला गेलं की सगळी शाखाच चुकीच्या देशात जाऊन बसते.

आता तुमच्या १८२९च्या नोंदीकडे वळू. पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात मला ही ओळ नीट दिसते: 'योआन्नेस, फिलियुस याकोबी एत आन्ने'. अर्थ असा, 'योआन्नेस, याकोबुस आणि आन्ना यांचा मुलगा'. तुम्ही वडिलांच्या चौकटीत 'याकोबी' आणि आईच्या चौकटीत 'आन्ने' भरलं आहे. ते बदला. लॅटिनमध्ये आपल्यासारख्याच विभक्ती आहेत. 'याकोबी' ही 'याकोबुस'ची षष्ठी, म्हणजे 'याकोबुसचा', आणि 'आन्ने' ही 'आन्ना'ची षष्ठी. 'रामाचा मुलगा' वाचून वडिलांचं नाव 'रामाचा' असं लिहावं, तसं हे झालं आहे. मुलाचं नावही प्रथमेत असेलच असं नाही. पाद्री 'मी बाप्तिस्मा दिला' अशी सुरुवात करत असतील तर मुलाचं नाव द्वितीयेत जातं, 'योआन्नेम' किंवा 'आन्नाम'. म्हणून आधी क्रियापद शोधा, मग विभक्ती ओळखा, आणि प्रथमेचं रूप काढूनच चौकटीत भरा. नुसत्या शेवटच्या अक्षरावरून बाप कोण आणि बाळ कोण हे ठरवू नका.

हंगेरियन नोंदी वाचताना दोन गोष्टींनी फसायला होतं. तिथे आडनाव आधी येतं आणि नाव नंतर, त्यामुळे घाईत दोन्हींची अदलाबदल होते. दुसरं म्हणजे नावाला लागलेला 'ने' हा प्रत्यय. 'यानोशने' हे कुठल्याही बाईचं स्वतःचं नाव नाही, त्याचा अर्थ 'यानोशची बायको'. तुमच्या यादीत 'यानोशने' या नावाची मुलगी दाखवली आहे. ती बहुधा मुलगी नसून खापरपणजीच असावी. मूळ पानावर तिचं माहेरचं नाव पुढे कुठे लिहिलं आहे का, ते बघा.

माणूस एकच आहे का, हे मात्र नावावरून ठरत नाही. एका गावात एकाच आडनावाचे तीन-चार योआन्नेस सहज असतात. त्यातून लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत सर्रास होती, म्हणजे एकाच आईबापांचे दोन योआन्नेसही निघू शकतात. १८२९चं बाळ जगलं का, हे आधी बघा. त्यासाठी त्याच गावाची दफनाची वही पुढची निदान दहा वर्षं पानोपान चाळावी लागेल. कंटाळा येईल, पण हे काम टाळू नका. मग मृत्यूच्या नोंदीतलं वय मागे मोजा. १८९७ साली ६८ लिहिलं असेल तर जुळतं, एक-दोन वर्षांचा फरकही चालेल. घरक्रमांक बघा. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हॅब्सबर्ग घराण्याच्या राज्यात, म्हणजे हंगेरीतही, घरांना क्रमांक लागले आणि ते चर्चच्या वह्यांत उतरू लागले. पाद्री बदलले, भाषा बदलली, तरी घरक्रमांक बराच काळ तोच राहतो. आणि सगळ्यात भरवशाचे म्हणजे आसपासचे लोक: बायको, तिचे वडील, मुलांच्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्मपिता आणि धर्ममाता. एका माणसाचं नाव चार प्रकारे लिहिलं जाईल, पण त्याच्याभोवतीची माणसं तीच असतील.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगते, कारण ती मला महाग पडली. एका कुटुंबाच्या लॅटिन नोंदींमध्ये पहिल्या तीन मुलांची आई 'एलिझाबेथा' होती आणि पुढच्या दोघांची 'इझाबेला'. मी गृहीत धरलं की पहिली बायको वारली आणि त्या गृहस्थांनी दुसरं लग्न केलं. तिची दफननोंद शोधण्यात तीन महिने घालवले. सापडली नाही, तेव्हा 'नोंद गहाळ' असा शेरा मारून पुढे गेले. खूप उशिरा इझाबेलाची दफननोंद हाती आली. त्यात लिहिलं होतं, संसार ३१ वर्षांचा. मागे मोजलं तर ते वर्ष बरोबर पहिल्या आणि एकमेव लग्नाचं. बाई एकच होती. इझाबेला हे एलिझाबेथचंच स्पेन-पोर्तुगालकडचं रूप. मग त्या पाच नोंदी पुन्हा शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं की तिसऱ्या आणि चौथ्या मुलाच्या मध्ये वहीतलं अक्षरच बदललं आहे. नवे पाद्री आले होते, इतकंच. एका जिवंत बाईला मी कागदावर मारून टाकलं आणि तिची तीन मुलं पोरकी केली, याची रुखरुख अजून जात नाही. तेव्हापासून नाव बदललेलं दिसलं की आधी मी अक्षर बदललं आहे का ते बघते.

तर ताई, पुरावा जुळला तर चौघांना एकत्र करा. मुख्य नाव 'यान' ठेवा, कारण ते घरचं आहे. बाकीची तीन पुसू नका. प्रोग्रॅममध्ये पर्यायी नावांची सोय असते, तिथे प्रत्येक रूप आपापल्या सालासह आणि कागदासह लिहा: योआन्नेस, बाप्तिस्मा, १८२९, यानोश, मृत्यू, १८९७. पुढे कुणी मूळ वही उघडली तर त्याला 'यान' कुठेच सापडणार नाही, 'योआन्नेस' सापडेल.

प्रश्न: एका पोलिश मित्राच्या घराण्याच्या नोंदी लावायला मी मदत करतो आहे. लॅटिन वहीत 'आडालबेर्तुस' आहे आणि त्याच गावच्या पोलिश नोंदीत त्याच वयाचा, त्याच बायकोचा 'वोयचेख'. दोन नावांत एक अक्षरही धड जुळत नाही. नावांच्या कोशात तर आडालबेर्तुसपुढे 'आल्बेर्ट' दिलंय. हा वोयचेख आमचा माणूस असू शकतो का?

उत्तर: असू शकतो, आणि बायकोही तीच असेल तर बहुधा तोच आहे. या जोडीत आवाजही जुळत नाही आणि अर्थही, कारण तिला एका संतानं बांधलं आहे. प्रागचे बिशप संत आडालबेर्ट यांचं जन्मनाव वोयतेख, म्हणजेच पोलिश वोयचेख. माग्डेबुर्गचे आर्चबिशप आडालबेर्ट यांच्याकडून त्यांनी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या, वेळी ते दुसरं नाव घेतलं. इ. स. ९९७मध्ये त्यांची हत्या झाली. तेव्हापासून वोयचेख नावाच्या मुलाचं लॅटिन 'आडालबेर्तुस' झालं. हंगेरियन 'बेला'लाही लॅटिन वहीत हेच नाव मिळतं. कोशातला 'आल्बेर्ट' खोटा नाही, पण तो तुमच्या गावचा नाही. नाव उलटं फिरवायचं असेल तर त्या प्रदेशाची आणि त्या काळाची जोडी हवी, नुसता शब्दकोश पुरत नाही.

जोड्या कशा जमतात याला एकच नियम नाही. आयर्लंडमध्ये पुष्कळदा नुसत्या आवाजाच्या जवळिकीवर भागवलं. डिअरमिडचा जेरेमाया, कोन्होरचा कॉर्नेलियस, टायगचा टिमथी किंवा थॅडियस. बायबलमधल्या जेरेमायाशी डिअरमिडचं काही नातं नाही, तरी पिढ्यान् पिढ्या ते एकच नाव मानलं गेलं. पूर्व युरोपातल्या ज्यू घराण्यांत अर्थ जुळवलेला दिसतो, आणि तोही नावाच्या आतच: 'झ्वी हिर्श' म्हणजे हिब्रूत हरिण आणि यिडिशमध्ये, म्हणजे त्यांच्या रोजच्या बोलीत, तेही हरिण, 'झेएव वोल्फ' म्हणजे दोन्हीकडे लांडगा, 'दोव बेर' म्हणजे अस्वल. थडग्यावर झ्वी आणि सरकारी वहीत हिर्श असं आढळलं तर ते दोन भाऊ नव्हेत.

अर्थाच्या जोडीचा सगळ्यांना माहीत असलेला दाखला संगीतकार मोझार्टचा. साल्झबुर्गच्या २८ जानेवारी १७५६च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्याच्या नावात 'थिओफिलुस' आहे. हे मूळचं ग्रीक, अर्थ देवाला प्रिय. जर्मनमध्ये तेच 'गॉटलीब', लॅटिनमध्ये 'आमाडेउस'. आज जग ज्या 'आमाडेउस' नावानं त्याला ओळखतं, ते त्या नोंदीत शोधायला गेलात तर मिळणार नाही.

तुमच्या पोलिश कागदांचा काळही ध्यानात घ्या. वॉर्साच्या आसपासच्या प्रदेशात १८०८पासून सरकारी नोंदी पोलिशमध्ये झाल्या आणि १८६८पासून, रशियन राजवटीत, रशियन भाषेत. सुरुवातीला चर्चची लॅटिन वही शेजारी चालूच होती. संगीतकार शोपँच्या बाबतीत हे समोरासमोर बघायला मिळतं. २३ एप्रिल १८१०ला ब्रोखुफ गावी त्याच्या दोन नोंदी झाल्या, चर्चची लॅटिनमध्ये 'फ्रिडेरिकुस फ्रान्सिस्कुस' आणि सरकारी पोलिशमध्ये 'फ्रिडेरिक फ्रान्चिशेक'. पुढे पॅरिसला गेल्यावर तो 'फ्रेदेरिक फ्राँस्वा' झाला. दोन्ही नोंदींत जन्मतारीख २२ फेब्रुवारी आहे, घरचे मात्र १ मार्च मानत. म्हणजे दोन कागद एकमेकांशी जुळले तरी घरातल्या सांगण्याशी जुळतीलच असं नाही, आणि अशा वेळी दोन्ही लिहून ठेवावं.

मित्राला एक सांगा. वोयचेखच्या हातची सही कुठे मिळाली, लग्नाच्या नोंदीखाली किंवा एखाद्या करारावर, तर ती या सगळ्यापेक्षा मोलाची आहे.

प्रश्न: फिनलंडमधल्या एका मैत्रिणीच्या पणजोबांचे वडील 'हेइक्की'. १८५०च्या आसपासच्या चर्चच्या वहीत हे नाव शोधलं, तर एकही हेइक्की नाही. वही अपुरी आहे का?

उत्तर: वही पुरी असेल, तुम्ही 'हेन्रिक' शोधा. फिनलंडच्या चर्चवह्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्वीडिशमध्ये लिहिल्या जात. घरचा हेइक्की वहीत हेन्रिक, युहो हा योहान, अंत्ती हा आंदेर्श, लाउरी हा लार्श, लीसा ही एलिसाबेत. वडिलांच्या नावावरून येणारं नावही तसंच बदलतं: मत्तीचा मुलगा फिनिशमध्ये 'मतिनपोइका', वहीत 'मत्सोन'. मुलगी असेल तर शेवटी 'दोत्तेर' येईल. आडनावाबाबतही सावध राहा. विचारवंत स्नेलमान यांच्या जन्मशताब्दीला, १२ मे १९०६ला आणि त्याच्या आसपास, हजारो कुटुंबांनी स्वीडिश आडनाव टाकून फिनिश घेतलं. पुष्कळांनी जुन्याचं भाषांतर केलं, काहींनी अगदीच वेगळं निवडलं. १९०६च्या अलीकडचं आडनाव घेऊन पलीकडे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

प्रश्न: आमच्या ओळखीच्या अमेरिकन कुटुंबात सांगतात की न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, परदेशातून आलेल्यांची तपासणी होई तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांचं 'त्सिमरमान' हे आडनाव बदलून 'कार्पेंटर' केलं. याची नोंद कुठे मिळेल? आणि दुसरं, ही वंशावळ मी मराठीत लिहितो आहे, तर परदेशी नावं देवनागरीत कशी लिहावीत?

उत्तर: पहिली नोंद शोधू नका. ही गोष्ट शेकडो कुटुंबांत मनापासून सांगितली जाते, पण तिथलं काम तसं चालत नव्हतं. प्रवाशांची यादी जहाज सुटताना, निघण्याच्या बंदरावर तयार होई. १८९२ साली सुरू झालेल्या एलिस बेटाच्या ठाण्यावर अधिकारी तीच यादी समोर ठेवून माणसं पडताळत, नवी नावं ठेवत नसत. आडनाव बदललं असेल तर ते नंतर, कुटुंबानं स्वतःच, कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत. म्हणून जहाजाच्या यादीत 'त्सिमरमान' शोधा आणि नंतरच्या जनगणनेत व नागरिकत्वाच्या कागदांत दोन्ही आडनावं शोधा. ज्या साली एक थांबतं आणि दुसरं सुरू होतं, तीच तुमची नोंद. भाषांतर झालेलं आडनाव हा धंद्याचा पुरावा मात्र मानू नका. दोन्हींचा अर्थ सुतार असला तरी बदलाच्या वेळी घरात कुणाच्या हातात रंधा होता की नाही, हे त्यावरून कळत नाही.

देवनागरीचा प्रश्न मला फार आवडला, कारण आता लिहिणारे तुम्ही आहात. पाद्रींनी आणि कारकुनांनी जे केलं, तेच आपल्या हातून होऊ शकतं. इंग्रजीची सवय इतकी असते की पोलिश किंवा स्लोव्हाक 'यान' दिसला की हात 'जॅन' लिहून जातो. 'ज्याँ', 'यान', 'हुआन', 'जॉन' ही एकाच नावाची रूपं असली तरी प्रत्येक माणसाला त्याच्या भाषेतला उच्चार मिळाला पाहिजे, सगळ्यांचा जॉन करून टाकू नका. उच्चाराची खात्री नसेल तर ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून नाव म्हणवून घ्या आणि ऐकलं तसं लिहा.

देवनागरीतून मूळ अक्षरं मात्र परत मिळत नाहीत. 'यान' वाचून मूळ लिपीत ते कसं लिहिलं होतं, हे पुढच्या पिढीला कळणार नाही. म्हणून प्रत्येक नावासोबत मूळ पानाचं छायाचित्र जोडा आणि त्याखाली वहीचं गाव, साल आणि पानाचा क्रमांक लिहा. नुसत्या छापील सूचीवर अवलंबून राहू नका. सूची करणाऱ्यांनीही पुष्कळदा योआन्नेसचा जॉन केलेला असतो, आणि मूळ पान उघडल्याशिवाय ते कळत नाही.